राजाची जोडी आणि दहा रुपयांची बेट

पत्र

दादा, नमस्कार. मी निपाणीचा. तंबाखूच्या एका वखारीत हिशेब लिहितो. दिवाळीत तीनपत्ती खेळत मोठा झालो, नंतर मोबाइलवर पोकरला लागलो. 2021 च्या ऑक्टोबरात कर्नाटकानं बंदी घातली, तेव्हा लोकेशन महाराष्ट्राचं दिसावं म्हणून कोगनोळी नाका ओलांडून कागलला चहाच्या टपरीवर बसून खेळायचो, इतका नाद. टेबल कायम 2-4 रुपयांचं (पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीनं घालायच्या रकमा, म्हणजे ब्लाइंड, 2 आणि 4), समोर 400 रुपये. त्याच्या वर कधी गेलो नाही. 2025 च्या ऑगस्टात ॲप बंद पडलं, शिल्लक परत मिळाली. आता आम्ही सहा मित्र शनिवारी रात्री फुकटच्या चिप्सवर खेळतो.

माझं दुखणं जुनंच आहे. हात चांगला येतो, पण फार मोठा नव्हे. राजाची जोडी, राण्यांची जोडी, असलं. बेट करायला, म्हणजे पैसे लावायला, गेलो की वाटतं समोर याहून मोठं असणार. चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी सोडली, की समोरचा पुढचं पान फुकटात बघतो आणि मारतो. जिंकतो तेव्हा वीस-तीस रुपये, हरतो तेव्हा सगळे 400. जुन्या ॲपमधून उतरवून ठेवलेले दोन हात सोबत पाठवतोय. आणि एक मित्र म्हणतोय, परदेशी साइटवर एजंटकडून खातं काढू, तिथं अजून पैशावर चालतंय. जाऊ का?

– एक्का-राजा, निपाणी

उत्तर

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण उत्तर लहान आहे: जाऊ नकोस. का ते खाली येईलच. आधी पत्ते बघू. (पोकर न खेळणाऱ्यांसाठी: प्रत्येकाला दोन झाकली पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर, आणि दर टप्प्याला पैसे लावायची फेरी. या सातांतली चांगली पाच पानं म्हणजे तुमचा हात, जमलेले पैसे म्हणजे पॉट.)

पहिला हात. तुझ्याकडे इस्पिक एक्का आणि चौकट राजा. तू 12 केलेस, बटणावरचा (वाटपाच्या जागेवरचा, फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारा) आणि बिग ब्लाइंडवाला (ज्याचे 4 आधीच पडलेले) असे दोघं आले, लहान ब्लाइंडचे 2 धरून पॉट 38. फ्लॉपला बदाम राजा, बदाम नव्वी, किलवर चौकी. बिग ब्लाइंडनं चेक केलं, तू 10 रुपये लावलेस. कारणही लिहिलंयस: ‘कोण कुठं आहे याचा अंदाज घ्यायला.’ दोघांनी कॉल केलं, म्हणजे तेवढेच घातले, पॉट 68. टर्नला किलवर सत्ती आली आणि तिघांनीही चेक केलं. रिव्हरला बदाम दुर्री. आता बिग ब्लाइंडवाल्यानं एकदम 60 लावले. तू कॉल केलंस, बटणवाल्यानं पत्ते टाकले. समोरून बदाम राणी आणि बदाम तिर्री निघाली.

पुढं तू लिहितोस, ‘राणी-तिर्री घेऊन कोण खेळतं?’ अरे, 2-4 च्या टेबलावर सगळेच खेळतात. आणि तुझे पैसे येणार ते याच माणसाकडून येणार आहेत. त्याच्यावर चिडून काय होणार? त्याच्याकडून किती मागितलेस ते बघ.

तुझी 10 ची बेट आणि बटणवाल्याचे 10 धरून बिग ब्लाइंडवाल्यासमोर 58 रुपये पडले होते आणि त्याला घालायचे होते फक्त 10. म्हणजे शंभरात पंधरा वेळा जमलं तरी त्याचं भागतं. त्याच्या हातात दोन बदाम, टेबलावर दोन. राहिलेले नऊ बदाम त्याला न दिसलेल्या 47 पानांत. पुढच्या एका पानावर त्याची शक्यता 19 टक्के. त्याला हिशेब येत नसेल, पण तू दिलेल्या भावात त्याचा कॉल बरोबर होता. वर टर्नचं चेक. म्हणजे रिव्हरचं पान त्याला फुकट मिळालं.

आता हाच हात दुसऱ्या तऱ्हेनं खेळून बघ. फ्लॉपला 10 ऐवजी 28 लाव. समज बटणवाला गेला आणि राणी-तिर्रीवाला राहिला. (तो राहणारच. असल्या टेबलावर माणूस आपले दोन बदाम बघतो, तुझी रक्कम नाही.) आता त्याला 66 मिळवायला 28 घालावे लागतात, म्हणजे जवळपास 30 टक्के शक्यता पाहिजे, आणि हातात आहे 19. पॉट 94 झाला. टर्नच्या किलवर सत्तीनं काही बदललेलं नाही, तर 65 लाव. त्यानं कॉल केलं तर नऊ बदाम, 46 पानं, साडेएकोणीस टक्के. असे शंभर कॉल त्यानं केले तर सरासरी प्रत्येकात तो 21 रुपये गमावतो. कधी फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागून सगळा पॉट नेईल, पण कॉल करतानाचे 21 तुझेच असतात. एक मात्र आहे. बदाम पडल्यावर रिव्हरला त्याचे आणखी 60 तू भरलेस, तर त्या 21 मधले पावणेबारा त्याला परत जातात. हे भरणं कुठं थांबवायचं ते पुढं सांगतो.

‘अंदाज घ्यायला’ बेट करणं हे मला सगळ्यात खटकलं. बेट करताना विचारायचा प्रश्न एकच: माझ्यापेक्षा कमजोर असं काय काय घेऊन समोरचा पैसे घालेल? माझ्यापेक्षा मोठं कुणाकडे असू शकतं का, हा प्रश्न तू विचारतोस आणि तिथंच अडकतोस, कारण त्याचं उत्तर कायम ‘होय’ असतं. पाची पानं येईपर्यंत हरू शकत नाही असा हात तुला क्वचित मिळणार. तेवढ्यावरच बेट करायची म्हटलं तर रात्रभर ब्लाइंड भरत बस.

मोजूनच बघ. राजा-नव्वी-चौकी हा फ्लॉप. एक राजा तुझ्याकडे, एक टेबलावर, राहिले दोन. राजा-राणीच्या आठ जोड्या होतात, राजा-गुलामाच्या आठ, राजा-दश्शीच्या आठ. हे 24 हात तुझ्या खाली आहेत आणि एकही जण ते टाकणार नाही. त्यात राजा-अठ्ठी, राजा-पंजी खेळणारे धरलेले नाहीत, आणि आपल्याकडे ते पुष्कळ. दोन बदामांच्या जोड्या 55 होतात. लोक त्यातल्या निम्म्याच खेळतात म्हटलं तरी सव्वीस-सत्तावीस झाल्या. नव्वीची जोडी धरून बसलेले निराळे. आता तुझ्या वरचे मोज: नव्व्यांच्या तीन जोड्या, चौक्यांच्या तीन, राजा-नव्वी सहा, राजा-चौकी सहा. दोन एक्के किंवा उरलेले दोन राजे असते तर त्यानं फ्लॉपच्या आधीच रेझ केलं असतं, म्हणजे रक्कम वाढवली असती. म्हणजे तुझ्या वर अठरा आणि खाली पन्नासच्या पुढं, तेही पैसे घालायला तयार. ही बेट करायला हिंमत लागत नाही, मोजणी लागते. मोजणी तर तुझा धंदाच आहे.

तुझ्या भीतीचं मूळ मला तीनपत्तीत दिसतं. आपल्याकडचे बहुतेक पोकरला तिथूनच आलेत. निपाणी असो, खानापूर असो, वडगाव-शहापूर असो, दिवाळीच्या रात्री अंगणात तीनपत्ती न बघितलेला माणूस सापडायचा नाही. तीनपत्तीत तीन पानं वाटली की हात ठरला, पुढं पान येत नाही. तुझी जोडी मोठी असेल तर शेवटच्या चालीपर्यंत मोठीच राहते. तिथं दबून खेळून लोकांना चाल करू देणं हा खरोखर चांगला डाव असतो. पोकरात फ्लॉपनंतर दोन पानं यायची असतात. तू दबून बसलास की तुझा हात जिथल्या तिथं राहतो आणि समोरच्याचा वाढायला मोकळा. एक्का-राजाची जोडी फ्लॉपला जेवढी चांगली असते तेवढी पुढं बहुतेकदा राहत नाही. म्हणून पैसे फ्लॉपला आणि टर्नला मागायचे. वखारीत मधल्या प्रतीचा माल आला तर तुझे शेठ काय करतात? गिऱ्हाईक दारात असताना भाव सांगतात.

दुसरं, जोडीची किंमत. तीनपत्तीत शंभरातल्या 74 हातांना जोडीसुद्धा लागत नाही, म्हणून जोडीवर घर लावल्यासारखं माणूस बसतो. पोकरात रिव्हरपर्यंत सात पानं होतात, आणि सात पानांत काहीच न लागणारे हात शंभरात सतराच. एक जोडी चव्वेचाळीसांना लागते, राहिलेल्या एकोणचाळीसांना दोन जोड्या किंवा त्याहून मोठं. रिव्हरला मोठे पैसे आले असताना ‘राजाची जोडी आहे, कशी सोडू?’ असं जे तू लिहिलंयस, ते तुझ्यातला तीनपत्तीवाला बोलतोय. (जाता जाता: तीनपत्तीत कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा, पोकरात स्ट्रेटपेक्षा, म्हणजे पाच पानांच्या सिक्वेन्सपेक्षा, फ्लश मोठा. हे तुला पाठ असणार, पण शनिवारच्या सहापैकी निदान एक जण अजून घोटाळा करत असेल.)

म्हणून पहिल्या हातातली रिव्हर वेगळी बघायला लागते. टर्नला 65 लावून कॉल मिळाल्यावर जर बदामाऐवजी चौकट दुर्री आली असती, तर मी तिसऱ्यांदाही बेट केली असती, अर्ध्या पॉटाच्या आसपास. राजा-राणी, राजा-गुलाम, हट्टानं धरलेली नव्वी, सगळे एकदा बघायला येतात. रिव्हरच्या बेटला माप सोपं आहे: कॉल करणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून जास्त तुझ्या खाली असतील तर लाव, नाहीतर चेक कर. पण तुझ्या हातात आली बदाम दुर्री, आणि तोवर फक्त कॉल-चेक करणारा गडी आपण होऊन 68 मध्ये 60 लावतोय. तुझ्या मागं बटणवाला अजून बसलाय. तुझा कॉल चालायला शंभरातल्या बत्तीस वेळा तू पुढं पाहिजेस. जो माणूस रात्रभर कुठं रेझ करत नाही, तो बदाम पडल्यावर नेमका ब्लफ करायला लागला, असं बत्तीस वेळा होईल? दहा वेळाही व्हायचं नाही. पत्ते टाकून पुढच्या हाताला लाग.

म्हणजे लहान टेबलावर दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात. लोक कॉल फार करतात, म्हणून तू जास्त वेळा आणि मोठी बेट करायची. लोक ब्लफ फार कमी करतात, म्हणून त्यांनी मोठी बेट किंवा रेझ केली की तू सुटायचं. तू नेमकं उलटं करतोस. स्वतः बेट करायची वेळ आली की हात आखडतो, आणि दुसऱ्यानं मागितले की पाकीट उघडतो. चांगल्या हातावर वीस-तीस मिळतात आणि 400 जातात ते याच्यामुळं. नशीब त्यात थोडंच.

आता दुसरा हात, राण्यांचा. खरे 400 यात गेले. तुझे 12, बिग ब्लाइंडचा कॉल, पॉट 26. फ्लॉप इस्पिक गुलाम, किलवर अठ्ठी, चौकट पंजी. तू 18 लावलेस, त्यानं कॉल केलं, पॉट 62. इथवर उत्तम. टर्नला बदाम छक्की, तू 40 लावलेस, तेही चांगलं. त्यानं चेक करून आता 120 केले. तू ऑल-इन गेलास, म्हणजे समोरचे सगळे लावलेस, त्यानं पंजीची जोडी दाखवली, तीन पंज्या.

तू विचारतोस, 222 च्या पॉटात 80 च तर घालायचे होते, भाव चांगला नव्हता का? कागदावर होता, साडेसव्वीस टक्के पुरले असते. पण ते 80 तिथं थांबत नाहीत. दोघांच्या पुढं अजून 250-250 शिल्लक होते, आणि टर्नला रेझ करणारा गडी रिव्हरला तेही मागतो. शिवाय तुझे साडेसव्वीस कुठून येणार? त्याच्याकडे सेट (हातातल्या जोडीला टेबलावरचं तिसरं पान) असेल तर तुला दोनच राण्या उरतात, साडेचार टक्के. गुलाम-अठ्ठी असेल तर दोन राण्या, तीन पंज्या, तीन छक्क्या मिळून आठ पानं, अठरा टक्के. नव्वी-सत्ती किंवा सत्ती-चौकी असेल तर स्ट्रेट झालेलाच आहे, तुझ्या हाती काही उरत नाही. तू पुढं असशील तो एक्का-गुलामासमोर, आणि एक्का-गुलाम घेऊन टर्नला चेक करून तिप्पट रेझ करणारा 2-4 च्या टेबलावर मला तरी फारसा दिसला नाही.

फ्लॉपचा रेझ आणि टर्नचा रेझ एका तागडीत घालू नकोस. फ्लॉपला लोक ड्रॉवर (अजून एका पानाची वाट बघणाऱ्या हातावर), टॉप पेअरवर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाच्या जोडीवर), कधी नुसत्या चिडीनंही रेझ करतात. तिथं एक्का-राजाच्या जोडीवर एक कॉल करून पुढचं पान बघायला माझी हरकत नाही. टर्नला पॉट मोठा असतो आणि तुझ्या दोन बेट खाऊन झालेल्या असतात, तरी माणूस वाढवतोय. शांत खेळणाऱ्यानं ते केलं की एका जोडीचं काम संपलं. याला अपवाद माणसाचा. सतत रेझ मारणारा, प्रत्येक हाताला उसळणारा कुणी असेल तर त्याच्या रेझला तेवढं वजन नाही, त्याला कॉल कर. पण तुझ्याच टिपणात त्या गड्यासमोर ‘सगळ्याला कॉल करतो, कधी वाढवत नाही’ असं लिहिलेलं आहे. इतकं लिहून ठेवल्यावर ते वाचायचं कुणी?

किती वेळा पैसे मागायचे यासाठी कच्चा आडाखा देतो, टेबल बघून कमी-जास्त करायचा. टॉप पेअर आणि किकर (जोडीबाहेरचं हातातलं दुसरं पान) एक्का, किंवा फ्लॉपच्या सगळ्या पानांवरची जोडी: फ्लॉप, टर्न आणि पान साधं आलं तर रिव्हर, तिन्ही. राजा-दश्शीसारखी मधल्या किकरची टॉप पेअर: दोन वेळा. दुसऱ्या नंबरची जोडी: एकदा, तीही समोर एकच माणूस असेल तर. दोन जोड्या असतील तर तिन्ही वेळा आणि रक्कम चढती. त्यात लपून बसण्यासारखं काही नाही, कारण टेबलावरचं पान जुळलं तर वरची जोडी धरलेला तुझ्या पुढं जाऊ शकतो.

रक्कम अर्ध्या पॉटाच्या खाली नको. बदाम-बदाम, नव्वी-दश्शी असा ओला (फ्लश-स्ट्रेट जमण्याजोगा) फ्लॉप असेल तर दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश. राजा-सत्ती-दुर्री, तीन रंगांची, असं कोरडं टेबल असेल तर लहान बेट चालते, तिथं फार विचार करू नकोस.

फ्लॉपच्या आधीचा मात्र कर. तू दर वेळी 12 करतोस, म्हणजे तीन ब्लाइंड, आणि लिहितोस की चार-चार जण येतात. मग 12 कशाला? 20 कर, आधी कुणी नुसते 4 घालून आला असेल तर माणशी आणखी 4 वाढव. एक्क्यांची जोडी कुठल्याही एका हातासमोर शंभरात 85 वेळा जिंकते, चार जणांसमोर 56 वेळा. एक्क्यांची ही गत, तर तुझ्या एक्का-राजाची काय असेल! गर्दी जमली असेल तर टॉप पेअर एक पायरी खाली धरायची: दोघांत तीनदा मागशील तिथं चौघांत दोनदा माग, आणि कुणी वाढवलं की लवकर सुट.

लहान टेबलावर आणखी एक गिऱ्हाईक प्रत्येक पॉटात बसलेलं असायचं, ते म्हणजे रेक, ॲपवाल्यानं पॉटातून कापलेला वाटा. साधारण पाच टक्क्यांनी 68 च्या पॉटातून साडेतीन रुपये जायचे, जवळजवळ एक बिग ब्लाइंड. त्यामुळं वीस-तीस रुपयांचे किरकोळ पॉट कितीही जिंकलास तरी हातात फारसं उरत नव्हतं. चांगल्या हातावर मोठा पॉट झाला तरच काही राहायचं. वर 1 एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी. 2-4 च्या टेबलावरून कुणी घर चालवत होता असं सांगितलं तर मी त्याची वही बघायला मागेन.

आता ती परदेशी साइट. कागलच्या टपरीवाल्या दिवसांत गोष्ट निराळी होती. ती बंदी राज्याची होती, नाका ओलांडला की लागू नव्हती, आणि 14 फेब्रुवारी 2022 ला कर्नाटक हायकोर्टानं ती रद्दही केली. 2025 चा कायदा केंद्राचा आहे. राष्ट्रपतींची सही 22 ऑगस्टला झाली आणि पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे म्हणवणारे सुद्धा, त्यात आले. निपाणीला जे, तेच कागलला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. बँकांनी त्यासाठी पैसे वळते करायचे नाहीत. नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, आणि तुझा मित्र तेवढंच वाक्य सांगत फिरत असणार.

पण तू पैसे कुणाला देणार? एजंटला, यूपीआयनं. तो तुला ज्या खात्यातून परत करील ते कुणाचं असेल? सायबर फसवणुकीचा पैसा अशाच भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून फिरतो. त्यातले चार हजार तुझ्या खात्यात आले की तुझं खातं गोठतं, मग पगार त्यात अडकलेला असो नाहीतर गॅसचा हप्ता. सोडवायला दुसऱ्या कुठल्या राज्याच्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसायचं. आणि एजंटनं फोन उचलणं बंद केलं तर तक्रार कशाची करणार, बेकायदा साइटवर माझे पैसे अडकलेत याची? चिप्स दाखवल्या कुणी, वाटल्या कुणी, समोरचे तिघं एकमेकांना फोनवर पत्ते सांगत नाहीत कशावरून, हेही कोण बघणार? तू वखारीचा हिशेब ठेवणारा माणूस. बिलाशिवाय मालाची गाडी आत घेशील का?

काही जण म्हणतील, मग चोर्ला घाट उतरून गोव्याला जा, तिथं कायदेशीर आहे. आहे की. पण तिथले ब्लाइंड तुझ्या 2-4 च्या कितीतरी पट असतात, आणि 400 रुपयांत जायला-यायला पेट्रोलसुद्धा व्हायचं नाही. ज्याला आज दहाच्या जागी 28 लावताना हात थरथरतो, त्यानं तिथं जाऊन शिकायचं नाही.

राहिलं तुमचं शनिवारचं टेबल. फुकटच्या चिप्सचा एकच दोष: संपल्या की बटण दाबून पुन्हा मिळतात, त्यामुळं लोक कशालाही कॉल करतात आणि तिथं शिकलेलं खोटं पडतं. यावर उपाय म्हणजे महिन्याला माणशी ठरावीक चिप्स, संपल्या की पुढच्या महिन्याची वाट. पैसे अजिबात न लावता हे करा. संपून बाहेर बसून पाच जणांचा खेळ बघायला लागलं की सहावा आपोआप पत्ते टाकायला शिकतो. आणि तुझ्या वहीत सध्या दोनच रकाने ठेव, जिंकलो-हरलो हा रकाना नकोच. पहिला: टॉप पेअर किंवा त्याहून चांगलं असताना टर्नला बेट केली का, केली तर पॉटाच्या किती. दुसरा: टर्नला किंवा रिव्हरला समोरून रेझ आला तेव्हा काय केलं, आणि रेझ करणारा कोण होता. असे तीस-चाळीस हात जमले की पाठव. दुसऱ्या रकान्यात कुणा मित्राचं नाव सारखं येत असेल तर त्याच्यापुढं नुसतं ‘उसळणारा’ का ‘शांत’ एवढं लिही, बाकी मी बघतो.